‘कसा वाटला?’ हा प्रश्न की परीक्षा?

‘धुरंधर’ पाहून आलेल्यांची मते ऐकताना दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले, “हे सगळे खरे आहे, आजवर आपल्यापासून दडवले होते.” दुसरे, “अहो, सिनेमा आहे, एवढे काय मनाला लावून घेता?” ही दोन वाक्ये दोन वेगवेगळ्या माणसांची असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण बहुतेक वेळा दोन्ही एकाच माणसाच्या तोंडची असतात. कौतुक करायचे असले की पहिले वाक्य येते, कोणी प्रश्न विचारला की दुसरे. माझा वाद या सोयीशी आहे.

आदित्य धर यांचा हा चित्रपट ५ डिसेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. साडेतीन तासांचा हा गुप्तहेरपट, आणि त्याने जगभरात हजार कोटींहून अधिक गल्ला जमवला. मी तो पाहिला. अक्षय खन्नाने रहमान डकैत असा उभा केला आहे की तो पडद्यावर आला की बाकीचे दिसेनासे होतात. चित्रपट बांधीव आहे, कंटाळा येत नाही. मुसलमान आहे म्हणून चांगल्याला वाईट म्हणण्याची मला गरज वाटत नाही. आणि तेवढ्याच मोकळेपणाने पुढचे बोलण्याचा हक्कही मी सोडणार नाही.

आधी ‘हे सगळे खरे आहे’ याकडे पाहू. कराचीतली ल्यारी ही वस्ती खरी आहे. रहमान डकैत खरा होता, २००९ मध्ये तो पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. चौधरी अस्लम हा पोलीस अधिकारी खरा होता, २०१४ मध्ये बॉम्बहल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. कंदाहारचे विमान अपहरण खरे, संसदेवरचा हल्ला खरा, २६/११ तर आपल्या मुंबईची जखम. पण या खऱ्या खुंट्यांवर जी गोष्ट टांगली आहे ती रचलेली आहे. नायक शहीद मेजर मोहित शर्मा यांच्यावर बेतलेला आहे अशी चर्चा सुरू झाली, त्यांचे कुटुंब दिल्ली उच्च न्यायालयातही गेले, आणि दिग्दर्शकानेच जाहीरपणे सांगितले की चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित नाही. म्हणजे कोर्टाची पायरी आली की गोष्ट काल्पनिक, आणि तिकीट फाडून आत गेलो की इतिहास!

आता ‘सिनेमाच तर आहे’ हे वाक्य घ्या. हे वाक्य आपल्या राज्यात तरी कोणी उच्चारू नये. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ आला. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. त्यानंतर विधानसभेत खुद्द मुख्यमंत्र्यांनीच सांगितले की ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयी लोकांच्या भावना पुन्हा उफाळून आल्या. राज्याचा प्रमुख जर चित्रपटाचा रस्त्यावर परिणाम होतो असे मानत असेल, तर ‘एवढे काय मनाला लावून घेता’ असे आम्हाला कोणत्या तोंडाने सांगितले जाते?

आणि हे आमच्या भागात तर मुळीच सांगू नका. पुण्याहून सोलापूरकडे जाताना कासुर्डी मागे पडले की थोड्याच अंतरावर यवत लागते. १ ऑगस्ट २०२५ रोजी तिथे मोबाईलवरच्या एका पोस्टवरून जमाव रस्त्यावर आला. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. ‘धुरंधर’ तेव्हा आलाही नव्हता, त्यामुळे त्याच्या माथी हे मारण्याचा प्रश्नच नाही. पण जिथे चार ओळींच्या पोस्टने शेजारी शेजाऱ्याला परका होतो, तिथे साडेतीन तासांचा चित्रपट रिकाम्या मनात जाऊन पडत नाही. तो आधीच तापलेल्या तव्यावर पडतो.

अशा वेळी गुऱ्हाळावर, गॅरेजवर, चहाच्या टपरीवर आमच्या माणसाला विचारले जाते, “काय चाचा, पाहिला का धुरंधर? कसा वाटला?” विचारणारा बहुधा ओळखीचा असतो, सोबत वाढलेला असतो, त्याच्या मनात काही नसतेही. तरी उत्तर देणारा क्षणभर थांबतो. ‘आवडला’ म्हटले तर घाबरून म्हणाला असे वाटेल. ‘नाही आवडला’ म्हटले तर पाकिस्तानची बाजू घेतली असे वाटेल. इतरांसाठी जी आवडनिवड आहे ती त्याच्यासाठी परीक्षा होते. बरे, टीका केली म्हणून समीक्षकांनाही इतकी शिवीगाळ झाली की त्यांच्या संघटनेला निषेधाचे पत्रक काढावे लागले. म्हणजे परीक्षा सगळ्यांचीच आहे. फक्त मुसलमानाला नापास करणे सोपे असते.

या परीक्षेला उत्तर म्हणून आपल्यातले काही लगेच यादी काढतात. महाराजांच्या आरमारातला दौलतखान, अंगरक्षक सिद्दी इब्राहिम वगैरे. ती माणसे थोरच होती. पण मी ती यादी पुढे करणार नाही. ज्याने गुन्हा केलेला नाही त्याने साक्षीदार कशाला गोळा करायचे? २६/११ च्या बळींत अनेक मुसलमान होते. मारल्या गेलेल्या दहशतवाद्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला होता. तो नकार कोणाला दाखवण्यासाठी नव्हता, तो संतापातून आलेला होता. कोणता गुप्तहेरपट हे सांगतो?

पण दोन शब्द आपल्या माणसांनाही. चित्रपट न पाहताच त्यावर बंदी मागणारे आपल्यातही आहेत. आखाती देशांत तो प्रदर्शित झाला नाही म्हणून काहींना आनंद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये ‘पठाण’च्या एका गाण्यातल्या कपड्याच्या रंगावरून बहिष्काराची हाक आली होती, तेव्हा आपण काय म्हणत होतो? आधी पाहा, मग बोला. तोच न्याय आज आपल्याला लागू आहे. बंदीने चित्रपट थांबत नाही, फक्त आपले म्हणणे ऐकणारा माणूस कमी होतो. आणि खलनायक पाकिस्तानी आहेत एवढ्यावर रागावू नका. पाकिस्तानी गुंड म्हणजे आपण नव्हे. तो राग दाखवून आपणच ती गल्लत पक्की करतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. छळाची दृश्ये इतकी लांबवली आहेत की प्रेक्षकाला बदला हाच न्याय वाटू लागावा. चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नाही. पण त्याचे तुकडे शाळकरी पोरांच्या मोबाईलवर आहेत, आणि त्या तुकड्यांत आगेमागे काही नाही. आहे तो फक्त एक रक्ताळलेला चेहरा आणि एक धर्म.

गंमत पाहा, याच चित्रपटातल्या ज्या गाण्यावर देशभर रील निघाल्या ते बहारीनच्या रॅपरचे अरबी गाणे आहे. यातली गाजलेली कव्वाली १९६० च्या ‘बरसात की रात’मधून घेतली आहे, शब्द साहिर लुधियानवींचे. ताल चालतो, शब्द चालतात. मग ते ज्यांच्या घरातून आले त्यांचे मतही चालायला हवे.

म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे आहे. पाहायचा तर पाहा. आवडला तर आवडला म्हणा, नाही आवडला तर का नाही ते सांगा. पण कोणाला खूश करण्यासाठी टाळी वाजवू नका आणि कोणाला चिडवण्यासाठी नाक मुरडू नका. आणि विचारणाऱ्या मित्रांना विनंती आहे. ‘कसा वाटला?’ असे विचारलेत तर उत्तर पुरते ऐकून घ्या. खऱ्या प्रश्नाला दोन्ही उत्तरे चालतात. ज्याला एकच उत्तर चालते, त्याला आपण प्रश्न म्हणत नाही, चौकशी म्हणतो.