विणकर आजोबांचा कागद कुठे शोधायचा? गोंदियातल्या मोमीन कुटुंबांपुढचा प्रश्न

जून महिना लागला की आमच्या शाळेच्या ऑफिसात एक ओळखीचं चित्र दिसतं. मुलगी बारावी पास झालेली, सीईटीत बरे मार्क पडलेले, आणि वडील हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभे. पिशवीत रेशन कार्ड, आधार, स्वतःची टीसी. 'मास्टर साहब, आमच्या वालिदांचं नाव तुमच्या जुन्या रजिस्टरमध्ये निघेल का?' असं ते विचारतात. आम्ही रजिस्टर काढतो. कधी नाव निघतं, कधी नाही. निघालं तरी जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, 'मुसलमान'. आणि तिथेच गाडी अडते.

राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत मोमीन, जुलाहा, अन्सारी यांचा समावेश आहे. म्हणजे हक्क आहे. पण तो सिद्ध करायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात हीच होती, याचा पुरावा लागतो. जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या कायद्यानुसार ही सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नाही, अर्जदारावर आहे. उपविभागीय अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिलं तरी पुढे जिल्हा पडताळणी समिती असतेच. वैधता वेळेत आली नाही, तर मागासवर्गाच्या कोट्यातली जागा हातची जाते.

लोक म्हणतात, आपले लोक कागद सांभाळत नाहीत. काही अंशी खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. कागद का नाही, हे समजायला आपले बुजुर्ग इथवर कसे आले ते पाहावं लागेल.

माग सुटला, गाव सुटलं

१८५७ च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशातून, आझमगड, बनारस, अलाहाबाद या भागांतून, विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी आणि आपल्या विदर्भात कामठी ही त्यांची ठिकाणं झाली. विलायती कापडाने हातमागाचं कंबरडं आधीच मोडलं होतं. मग १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पूर्वेला राजनांदगावला बंगाल नागपूर कॉटन मिल उभी राहिली. नागपूर आणि राजनांदगाव यांच्या मधोमध, त्याच रेल्वे लाइनवर आपलं गोंदिया.

हातमागावर पोट भरेना तेव्हा कुणी गिरणीत गेलं, आणि बरेच जण बिडीकडे वळले. भंडारा-गोंदियाच्या जंगलात तेंदूपत्ता भरपूर. बिडीला भांडवल लागत नाही, घरात बसून काम होतं, बायकांनाही मजुरी मिळते. ज्या घरात माग होता तिथे सूप आणि कात्री आली. रोजी हलाल होती, घर चाललं. पण सरकारी नोंदीत 'विणकर' होता तिथे 'बिडी मजूर' आलं. जातीशी जोडलेला धंदा कागदावरून पुसला गेला, आणि आज गृहचौकशीला येणारं दक्षता पथक नेमकं तेच विचारतं, तुमचा परंपरागत व्यवसाय कोणता?

ज्यांनी गिरणी धरली त्यांचंही पुढे तेच झालं. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. राजनांदगावची गिरणीही आता बंद आहे. ज्या हजेरीपटावर आणि सेवापुस्तकात आजोबांचं नाव होतं, त्याचं काय झालं हे घरच्यांना कुणी सांगितलं नाही.

तीन नावं, तीन हद्दी

दुसरी अडचण नावाची. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातींवरच्या ग्रंथात 'जुलाहा' अशी वेगळी नोंद आहे. पण हा शब्द लोक टोमण्यासारखा वापरत. म्हणून मोमीन कॉन्फरन्सच्या चळवळीने मोमीन आणि अन्सारी ही इज्जतीची नावं पुढे आणली. ते योग्यच झालं. पण त्यामुळे एकाच घरात पणजोबा जुलाहा, आजोबा मोमीन, वडील अन्सारी, आणि शाळेत नाव घालणाऱ्याने लिहिलं 'मुसलमान', असं झालं. त्यात उर्दूतलं नाव देवनागरीत उतरवताना प्रत्येक कारकुनाचं वेगळं. कुठे अन्सारी, कुठे अंसारी. कुठे अब्दुल, कुठे नुसतं 'अ.'. हे सगळे एकच माणूस आहेत हे आपल्याला कळतं, समितीला पटवून द्यावं लागतं.

तिसरी अडचण हद्दीची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा, नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते. बालाघाटहून गोंदियाला येणारा माणूस तेव्हा परराज्यातून येत नव्हता, बाजाराच्या गावाला येत होता. आज त्याच्या नातवाला विचारतात, तुम्ही मध्य प्रदेशचे का? सोयरिकी अजूनही दोन्हीकडे आहेत, पण मधून राज्याची रेघ गेली आणि कागद पलीकडे राहिला.

कुणबी नोंदी शोधता येतात, तर या का नाही?

मराठा समाजाच्या मागणीनंतर सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, उत्पादन शुल्क अशा अनेक खात्यांची १९६७ पूर्वीची दफ्तरं उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं लावली. लाखो नोंदी निघाल्या आणि त्या ऑनलाइन टाकल्या गेल्या. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला. त्या निर्णयावर वाद आहेत, ओबीसी संघटनांचे आक्षेप आहेत. तो वाद इथे करायचा नाही. आमचा मुद्दा साधा आहे. सरकारने मनावर घेतलं तर जुने कागद शोधता येतात, हे सिद्ध झालं. दफ्तर सरकारच्या ताब्यात, किल्ली सरकारच्या हातात, आणि शोधायचं मात्र बिडी वळणाऱ्या बाईने? पानं एकदा उलटली आहेत. त्याच पानांवरच्या जुलाहा, मोमीन, पिंजारी, मन्सुरी, अत्तार, बागवान अशा नोंदी वेगळ्या काढून जाहीर करायला फार मोठा खर्च नाही. ही मागणी भीक नाही, आणि कुणाच्या वाट्यातलं काढून घेण्याचीही नाही.

आपण काय करायचं?

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर काही कामं आपल्या हातात आहेत.

पहिलं, मुलगा बारावीला गेल्यावर नव्हे, आठवीत असतानाच शोध सुरू करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. दादा-परदादांची नावं, मोहल्ला, कोणत्या शाळेत किती दिवस गेले, कुठे काम केलं, हे लिहून वंशावळ तयार करा. हा कागद पुरावा नाही, पण कुठे शोधायचं ते यातूनच कळतं.

दुसरं, आजोबा टिकले नसतील तर त्यांचे भाऊ शोधा. वडिलांच्या बाजूच्या कोणत्याही रक्ताच्या नातेवाईकाची नोंद उपयोगी पडते. चुलत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालं. ते दाखवायला भाऊबंदांनी आडकाठी करू नये, ही हात जोडून विनंती.

तिसरं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलमधली कोतवाल पंजी, नगरपरिषदेचं जन्म-मृत्यू रजिस्टर आणि दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं पाहा. गोंदियात नाही मिळालं तर भंडाऱ्यात विचारा. १९६७ मध्ये घर कामठीत असेल तर अर्जही नागपूर जिल्ह्यातच करावा लागतो.

चौथं, कुणी पैसे घेऊन जुन्या रजिस्टरमध्ये शब्द घुसवून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एक खोटी नोंद पकडली गेली की प्रवेश जातो, गुन्हा दाखल होतो, आणि खऱ्या दहा अर्जांकडेही संशयाने पाहिलं जातं.

जुनी रजिस्टरं उर्दूत असतील तर आमच्यासारख्या शिक्षकांना बोलवा. अंजुमनने सुट्टीच्या दिवशी दोन तास बसायची सोय केली तरी पुष्कळ काम होईल.

शेवटची गोष्ट जनगणनेची. येत्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. तिचा कागद प्रमाणपत्रासाठी चालत नाही, कारण ती माहिती गोपनीय असते. पण आपण किती आहोत हे त्यातूनच ठरेल. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत 'मुसलमान' लिहिलं, त्याची किंमत आजची मुलं मोजताहेत. मुसलमान आपण आहोतच, त्यासाठी धर्माचा रकाना आहे. जातीच्या रकान्यात मात्र आजोबा जे होते तेच लिहा.