तळ्याचा काठ आणि तळ्याचे पाणी

गेल्या हिवाळ्यात एका सायंकाळी तंजावरच्या अय्यनकुळम तळ्याला मी पायी प्रदक्षिणा घातली. स्मार्ट सिटी मिशनमधून या जुन्या तळ्याभोवती बांधलेला पदपथ चालायला खरोखर सुखद आहे. त्याआधीची दुपार बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख वाचण्यात गेली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याची ही खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही.

काठावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना, या तळ्यात पाणी कोठून येते, असे विचारले. तंजावरी मराठीत उत्तर देत त्यांनी मंदिराच्या विमानाकडे बोट दाखवले. मंदिराच्या विस्तीर्ण प्रांगणात पडणारे पावसाचे पाणी शेजारच्या शिवगंगा तळ्यात उतरावे आणि तेथून जमिनीखालच्या नालीने गावातील तळ्यांत यावे, अशी ही जुनी व्यवस्था. नाली नायक राजांच्या काळातील मानली जाते. मधल्या काळात ती गाळाने बुजली होती. नूतनीकरणात ती शोधून मोकळी करण्यात आली आणि तळ्यात पुन्हा पाणी आले. या प्रकल्पातील सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानतो. मात्र पदपथावरून फिरणाऱ्याला ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी दुसऱ्या वर्षी पैसे मिळवणे किती कठीण असते, हे मी जाणतो. सेवेत असताना एका तळ्याच्या सुशोभीकरणाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर मीही सही केली होती. दोन उन्हाळ्यांनंतर तेथे गेलो, तर दिवे होते, पाणी नव्हते. आमच्या अंदाजपत्रकात फरशीचा दर चौरस मीटरला काढला होता. गाळ उपसण्यासाठी पुढील वर्षाची तरतूद शून्य होती. ती चूक माझ्याही नजरेतून सुटली.

स्मार्ट सिटी मिशन जून २०१५ मध्ये सुरू झाले. तंजावरची निवड २०१६ मधली. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत सुमारे ५०० कोटी रुपये आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेचा, असे त्याचे गणित होते. कामे करण्यासाठी प्रत्येक शहरात स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तीत राज्य आणि महापालिका यांचे भागभांडवल समान. कंपनीमुळे निविदा लवकर निघाल्या, हे मान्य केले पाहिजे. पण निर्णय नगरसेवकांच्या सभागृहापासून दूर गेला. ३१ मार्च २०२५ रोजी मिशन संपले. बांधलेली मालमत्ता महापालिकेची. ती राखण्याचा खर्चही ओघाने तिचाच, आणि तंजावर तर २०१४ मध्ये महापालिका झालेले शहर आहे.

याच तमिळ भूमीवर, कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर येथे, दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांचे नियम त्यांत कोरले आहेत. वार्षिक समिती आणि उद्यान समिती यांच्याबरोबरीने तेथे ‘एरि वारियम’, म्हणजे तलाव समिती होती. सदस्य घड्यातील चिठ्ठी काढून निवडले जात आणि त्यांची मुदत ३६० दिवसांची असे. ज्याने पूर्वी पद भूषवून हिशेब दिला नाही, तो अपात्र. त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र! त्या व्यवस्थेला लोकशाही म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण जमीन, घर आणि वेदविद्या यांच्या अटींमुळे बहुतेक गाव बाहेरच राहत असे. तरीही तळे कोणाच्या जबाबदारीत आहे आणि त्याने हिशेब केव्हा द्यायचा, हे दगडावर वाचता येत होते.

अहमदाबादच्या साबरमती काठाची शोभा टिकून आहे ती नर्मदा कालव्याच्या पाण्यामुळे. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या काठसुधारणेवरून वाद सुरू आहे. दोन्ही ठिकाणी काठाला चालना देणारी यंत्रणा सहज सापडते. पाण्याला वर्षानुवर्षे सांभाळणारी सापडत नाही. तंजावरमध्ये आणखी एक हिशेब आहे. जुन्या किल्ल्याच्या खंदकाच्या कडेला पिढ्यानपिढ्या राहिलेल्या कुटुंबांना तेथून हलावे लागले. ते अतिक्रमण होते, असे कागद सांगतो. पण त्यांच्या घरांच्या जागी मोकळा झालेला काठ उद्या पुन्हा कचऱ्याने भरला, तर त्यांच्या विस्थापनाचे समर्थन आपण कोणत्या तोंडाने करणार?

माझी सूचना साधी आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पात या तळ्यांसाठी आणि त्यांना जोडणाऱ्या नालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, प्रभागातील रहिवाशांची समिती असावी आणि वर्षाचा खर्च काठावरील फलकावर लिहावा. फलकासाठी जागा भरपूर आहे. सध्या उद्घाटनाचे फलक त्यासाठीच उभारतात.

ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात येतो. म्हणजे नाली सप्टेंबरअखेर साफ व्हायला हवी. हे काम कोणाकडे आहे, असे मी त्या गृहस्थांना निघताना विचारले. ते हसले आणि म्हणाले की, मागच्या वेळी कोणी केले तेही त्यांना ठाऊक नाही.