मालट्रकला गोवा जवळ, विद्यार्थ्याला लांब

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था,
दोनापावला, गोवा.

विषय : रोहा-पेण-माणगाव पट्ट्यातल्या पदवीच्या मुलामुलींसाठी विद्यावेतनासह सागरी संशोधनाची इंटर्नशिप.

महोदय,

रोह्यापर्यंत मध्य रेल्वेची हद्द, तिथून पुढे कोकण रेल्वे. त्या रेल्वेचं पहिलं स्थानक कोलाड. १९९९ पासून इथे मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि थेट गोव्यात, वेर्ण्याला उतरतात. २०२५ च्या गणपतीत खासगी मोटारींचीही तशीच सोय झाली. वेर्ण्याहून दोनापावला फार दूर नाही. थोडक्यात, चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूला कोलाडहून आपल्या संस्थेच्या आसपास पोचणं सोपं आहे. रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलीला मात्र दोन महिने तिथे राहून काम शिकायचं असेल, तर तिची वाट अडते. यात रेल्वेचा काही दोष नाही.

कोलाड म्हटलं की मुंबईकरांना आठवतं ते राफ्टिंग. सकाळी भिऱ्याकडून पाणी सुटतं, कुंडलिका फुगते आणि रबरी होड्या निघतात. हे पाणी मुळात कोकणाचं नाहीच. मुळशीला मुळा नदी अडवली नसती, तर ते भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तरी धरण उभं राहिलं. १९२७ पासून ते पाणी घाट उतरून टाटांच्या भिरा वीजघरात येतं आणि मग कुंडलिकेत. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर काही पाणी कालव्यांकडे वळतं, उरलेलं रोह्यावरून साळाव-रेवदंड्याच्या खाडीला मिळतं. मुंबईची विजेची मागणी वाढली की कोलाडची नदी वाढते, असा हा विलक्षण प्रकार आहे.

समुद्रविज्ञानाला यात रस वाटायला हवा. कोकणातल्या खाड्यांना गोडं पाणी मुख्यतः पावसाळ्यात मिळतं आणि उन्हाळ्यात खारं पाणी आत सरकतं. कुंडलिकेत मात्र गोडं पाणी वैशाखातही येतं, आणि तेही वीजघराच्या वेळापत्रकाने. त्यामुळे खाडीची क्षारता दिवसभरात किती बदलते? उधाणाला आणि भांगाला त्यात काय फरक पडतो? माशांची पिल्लं यातून कशी तरतात? वाटेत रोहा-धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव होतं. या प्रश्नांना हात घालायला जहाज लागत नाही. क्षारतामापक, नमुन्यांच्या बाटल्या, भरती-ओहोटीचं कोष्टक आणि पहाटे उठून पुलावर जाणारी चार मुलं एवढं पुरे.

ती मुलं इथे आहेत, आणि त्यांच्या घरात या पाण्याचं ज्ञान आहे. पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून शेतांकडे चढू लागतात, ती वलगण कुठे लागेल हे कातकरी वाडीतल्या माणसाला आकाश बघून कळतं. मुठे खेकडे बिळाबाहेर कधी येतील, हेही त्याला ठाऊक असतं. पेण-अलिबागच्या खारेपाटातला आगरी शेतकरी पावसाळ्यात खाडीतून जिताडा माशाची पिल्लं आणून तळ्यात सोडतो आणि वाढवतो. शास्त्र सांगतं की जिताडा आधी नर असतो, पुढे मोठा झाला की मादी होतो, आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो. तळ्यातल्या जिताड्यापुढे म्हणूनच वंशवृद्धीची अडचण असते आणि शेतकऱ्याला दर वेळी खाडीकडेच हात पसरावा लागतो. हा जाणता माणूस आणि शास्त्रज्ञ एका बाकावर बसले, तर दोघांचाही फायदा आहे. आज मात्र एक जण शोधनिबंधात ‘स्थानिक माहितगार’ म्हणून एका ओळीत उरतो आणि दुसऱ्याचं नाव लेखक म्हणून छापलं जातं.

१९२७ चा आणखी एक संदर्भ इथे टाळता येत नाही. भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत येऊ लागलं त्याच वर्षी, २० मार्चला, कोलाडहून गोव्याच्या दिशेने जाताना लागणाऱ्या महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी कुठे वळवायचं हे सत्तेने आणि भांडवलाने ठरवलं. पाण्याला हात कुणी लावायचा, हा प्रश्न मात्र माणसांना रस्त्यावर उतरून सोडवावा लागला. सगळ्या थरांतल्या माणसांना जागा मिळावी या अर्थाचा ‘विविधता’ हा शब्द या जिल्ह्यात परदेशी अहवालातून आलेला नाही.

आता दारावर पाटी कुणी लावत नाही, दार खर्चाने आणि रिवाजाने बंद होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते. तिच्यात विद्यावेतन मिळतं, ही चांगली गोष्ट. पण अर्जाला इंग्रजीत टिपण लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ज्या कॉलेजातल्या शिक्षकाला स्वतःला कधी संशोधन करायला मिळालं नाही, त्याच्या पत्राला किती वजन येणार? शिवाय काळ कोणता, तर मे ते जुलै. मेमध्ये पर्यटकांमुळे चार पैसे मिळतात आणि जूनच्या अखेरीपासून लावणी सुरू होते. अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे त्या घरातलं मूल पदवीपर्यंत पोचणं हीच आधी मोठी गोष्ट. आणि पोचलं, तर त्याला विनावेतन ‘अनुभव’ देऊ करणं ही थट्टा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे इंटर्नशिप आता पदवीचाच भाग झाली आहे आणि यूजीसीने तिच्यासाठी ६० ते १२० तास ठरवले आहेत. ज्याच्या ओळखी आहेत तो ते तास चांगल्या प्रयोगशाळेत भरेल. बाकीच्यांच्या हाती शिक्का मारलेला कागद तेवढा येईल.

अमेरिकेतल्या वुड्स होल या छोट्या किनारी गावाचं उदाहरण आपल्या परिचयाचं असेल. १९०९ पासून अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हा कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञ तिथल्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यामागून उन्हाळे सागरी प्राण्यांच्या अंड्यांवर काम करत राहिला. नाव झालं, पण गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांत त्याला जागा मिळाली नाही आणि अखेरीस तो युरोपकडे वळला. शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच गावातल्या सहा वैज्ञानिक संस्थांनी मिळून, विज्ञानात विविधता यावी म्हणून, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. आधी चार आठवडे वर्ग आणि मग प्रत्यक्ष संशोधन, सोबत विद्यावेतन, राहणं आणि जेवण. मुलं एकेकटी नव्हे, तर तुकडीने येत. परक्या जागी आपल्यासारखं दुसरं कुणी असणं ही चैन नसते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. २०२५ पासून अमेरिकेत ‘विविधता’ या शब्दावरच सरकारी गदा आली आहे, हा भाग वेगळा. तिथे हात आखडला म्हणून इथे आखडायचं कारण नाही.

आपल्याच संस्थेत असा दाखला आहे. डॉ. अदिती पंत नागपुरात जन्मल्या, म्हणजे समुद्रापासून चांगल्याच लांब. ॲलिस्टर हार्डींच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने त्यांना समुद्राचं वेड लावलं, शिष्यवृत्तीने हवाईला नेलं, पुढे लंडनला डॉक्टरेट झाली आणि मग त्या दोनापावल्याला आल्या. १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. हुशारी त्यांच्यात होतीच, पण वेळेवर हाती पडलेली शिष्यवृत्ती नसती तर? प्रत्येक वेळी हे योगायोगावर सोडणं संस्थेला शोभत नाही.

तेव्हा विनंती अशी. वर्षाला दहा जागा असाव्यात, आणि त्या रायगडच्या साध्या, अनुदानित कॉलेजांतल्या मुलामुलींसाठी राखाव्यात. अर्ज आणि मुलाखत मराठीत देता यावी. शिफारसपत्राऐवजी मुलाने आपल्या गावच्या पाण्याबद्दल केलेली एखादी नोंद मागावी. निम्मं काम इथेच व्हावं : वर्षभर रविवारी कोलाड, रोहा आणि साळाव इथे क्षारतेची मोजणी. उरलेलं काम चार आठवडे दोनापावल्याला व्हावं, त्याच्या तारखा लावणी, कापणी आणि परीक्षा पाहून कॉलेजांनी ठरवाव्यात. विद्यावेतन पहिल्या आठवड्यात खात्यावर यावं. सहा महिन्यांनी येणाऱ्या पैशातून खानावळीचं बिल भागत नाही. मुलींच्या पालकांना वसतिगृह आधी पाहता यावं. वाडीतल्या जाणत्यांना वाटाड्याचा रोज मिळावा आणि निबंधात नावही.

यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही. मान्यता मिळाली, तर येत्या पावसाची वलगणच पहिल्या तुकडीला नोंदवता येईल.

कळावे,
कोलाडचा एक नागरिक

प्रत : कुलगुरू, मुंबई विद्यापीठ. कुलगुरू, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली. सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली.