उन्हाळी लीग आणि वाढत्या गुडघ्यांचा हिशोब

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात नॉर्थ ऑगस्टा हे लहानसे शहर आहे. दर जुलैत तिथे ‘पीच जॅम’ ही बास्केटबॉल स्पर्धा भरते. नायके कंपनीच्या युवा लीगचा हा शेवटचा टप्पा. कोर्टवर सोळा-सतरा वर्षांची मुले धावत असतात आणि कडेला नामांकित विद्यापीठांचे प्रशिक्षक त्यांच्यावर नजर ठेवून बसलेले असतात. कोणाला शिष्यवृत्ती द्यायची, कोणाला आपल्या संघात बोलवायचे, याचा अंदाज ते इथे बांधतात. या उन्हाळ्यात मुलांच्या शरीरावर किती भार पडला, याची एकत्रित नोंद मात्र सहसा कोणाकडेच नसते.

शाळांचा बास्केटबॉल हंगाम हिवाळ्यात असतो आणि विद्यापीठांचाही तेव्हाच. त्यामुळे प्रशिक्षकांना गावोगावी जाऊन शाळकरी खेळाडू पाहायला फारसा वेळ मिळत नाही. ही पोकळी उन्हाळी संघांनी भरली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनच्या, म्हणजे ‘एएयू’च्या नावाने हे क्षेत्र आजही ओळखले जाते. पुढे नायके, आदिदास, अंडर आर्मर या बूट विकणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी ‘एनसीएए’ ही संस्था प्रशिक्षकांना पाहणीसाठी ठरावीक दिवस आखून देते. त्या दिवसांतही त्यांना संस्थेने मान्यता दिलेल्या स्पर्धांनाच जाता येते. मुलांची सारी धडपड या मोजक्या दिवसांभोवती फिरते.

या लीग वाईटच आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आडगावच्या शाळेत दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळणाऱ्या मुलाची पारख कशी व्हावी? उन्हाळी स्पर्धेत तोच मुलगा तोडीस तोड खेळाडूंसमोर उभा राहतो. २००१ च्या जुलैत न्यू जर्सीतील एका शिबिरात ओहायोचा सोळा वर्षांचा लेब्रॉन जेम्स तेव्हाच्या बहुचर्चित लेनी कुकसमोर खेळला आणि अखेरच्या क्षणी टाकलेल्या बास्केटने त्याने सामना जिंकला. जेम्स पुढे कुठे पोहोचला, ते जगाला ठाऊक आहे. कुकची मात्र पुढच्या वर्षी ‘एनबीए’च्या निवडीत एकाही संघाने निवड केली नाही. एवढे काही एका उन्हाळ्यावर ठरत असेल, तर पालकांनी सुट्टी आणि पैसा त्यात ओतला, याचे नवल नाही.

पण संधीचे गणितही पाहायला हवे. ‘एनसीएए’च्याच आकडेवारीनुसार शालेय बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण साडेतीन टक्केच विद्यापीठाच्या संघात पोहोचतात. सर्वोच्च श्रेणीतील संघात तर जेमतेम एक टक्का. उरलेल्यांना खेळाचा आनंद, मैत्री आणि शिस्त मिळते. त्याचे मोल आहेच. मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला दुखरा गुडघाही येतो.

त्याचे कारण वाढीच्या वयात आहे. मुलग्यांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, मुलींची त्याआधी दोनेक वर्षे. या काळात हाडे भराभर लांबतात आणि त्यांच्या मानाने स्नायू व कंडरा ताणलेल्या राहतात. गुडघ्याखालची कंडरा नडगीच्या हाडाला जिथे जोडलेली असते, तिथले कूर्चेचे वाढकेंद्र अजून कच्चे असते. प्रत्येक उडीला तिथे ओढ बसते. वारंवार ओढ बसली की ती जागा सुजते, दुखते, तिथे टेंगूळ येते. या विकाराला ‘ऑसगुड-श्लाटर’ म्हणतात. तो बहुतेकदा विश्रांतीने बरा होतो, पण विश्रांती हीच या वेळापत्रकातली सर्वांत महाग गोष्ट. कंडरांवरील संशोधन सांगते की जोरदार व्यायामानंतर पहिला सुमारे दीड दिवस कोलॅजेनची झीज भरून येण्यापेक्षा जास्त असते. सकाळी एक सामना, संध्याकाळी दुसरा आणि उद्या पुन्हा दोन, असे चालले तर झीज भरून यायची कधी?

याबाबत तज्ज्ञांचे मत पुरेसे स्पष्ट आहे. ‘एनबीए’ आणि ‘यूएसए बास्केटबॉल’ यांनी २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नववी ते बारावीच्या खेळाडूंनी आठवड्यात दोन ते तीनच सामने खेळावेत आणि चौदाव्या वर्षापर्यंत फक्त बास्केटबॉललाच वाहून घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी सुचवते. २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंमध्ये दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली. उन्हाळी स्पर्धांत मात्र शुक्रवार ते रविवार चार-पाच सामने आणि मधल्या रात्री लांबचा प्रवास, यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

मग अडते कुठे? शाळेचा प्रशिक्षक त्याच्या सरावाचे तास मोजतो, उन्हाळी संघाचा प्रशिक्षक त्याचे सामने मोजतो, खासगी शिकवणीवाला त्याचे सत्र मोजतो. प्रत्येकाचा आकडा त्याच्यापुरता वाजवी असतो. बेरीज मात्र होते ती मुलाच्या गुडघ्यात. म्हणून एखाद्या स्पर्धेपुरती मर्यादा घालून भागणार नाही. मर्यादा मुलाच्या नावावर हवी आणि ती त्याच्याबरोबर एका संघातून दुसऱ्या संघात जायला हवी.

यात विद्यापीठांचाही स्वार्थ आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जो उंच आणि दणकट दिसतो, तो अधिक गुणवान असतोच असे नाही. अनेकदा तो फक्त लवकर वयात आलेला असतो. स्टीफन करी शाळेत असताना किडकिडीत होता. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तो डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयात गेला. थकलेल्या मुलाचा तीन दिवसांतला पाचवा सामना पाहून पारख करणे म्हणजे अशा चुकांना आमंत्रणच.

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने या क्षेत्रातील लाचखोरी उघड केली. त्यानंतर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१८ मध्ये अहवाल दिला. त्याचा मुख्य रोख पैशांच्या व्यवहारावर होता. जी नियामक संस्था प्रशिक्षक कुठे जाऊ शकतील हे ठरवते, तिच्या हाती शरीराच्या रक्षणाचीही किल्ली आहे. खेळाडूची आठवड्याची सामने, सराव व विश्रांतीची नोंद नसेल, तर त्या स्पर्धेला मान्यता नाही, एवढी एक अट पुरेशी ठरेल. प्रशिक्षक येणार नसतील, तर आयोजक महिनाभरात वह्या ठेवू लागतील.

तोवर हे काम घरच्यांनाच करावे लागेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही अशा संघांत खेळतात, आणि इथेही दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी मुलांना एकाच वर्षात शाळा, क्लब आणि जिल्हा अशा तिन्ही संघांत धावताना पाहणारे पालक कमी नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे सामने, सरावाचे तास आणि झोप लिहायला पैसे लागत नाहीत. गुडघ्याखालचे दुखणे दोन आठवडे टिकले, किंवा मूल लंगडू लागले, तर पुढच्या स्पर्धेआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. एखादी स्पर्धा हुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळता येते. वाढीची वर्षे मात्र परत येत नाहीत.