पैसे चालतात, गौरी चालत नाही



गेल्या महिन्यात तुर्भ्याच्या आमच्या महिला गटात ‘दोघी’ दाखवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा १९९५ चा चित्रपट. २०२१ मध्ये गेलेल्या सुमित्राताई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, म्हणून मला जरा जास्तच जवळच्या.

गौरी (रेणुका दफ्तरदार) आणि कृष्णा (सोनाली कुलकर्णी) या दोन बहिणी. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव जातो. गाव तिलाच पांढऱ्या पायाची ठरवतं. वडील अंथरुणाला खिळतात, घरात दाणा नाही. मामा तिला मुंबईला नेतो आणि ती शरीरविक्रयात ढकलली जाते. तिच्या पैशावर घर चालतं, धाकटी वाढते. धाकटीच्या लग्नाला गौरी येते तेव्हा आईला ती लोकांच्या नजरेला पडायला नको असते.

चूक कोणाची, असं मी नंतर विचारलं. मामाचं नाव येईल असं वाटलं होतं. पण बहुतेक जणी आईवरच तुटून पडल्या. कांदा-बटाटा मार्केटला कामाला जाणारी एक ताई मात्र गप्प होती. शेवटी म्हणाली, “धाकटी तरी वाचवली की तिनं.”

हे मला पटत नाही, आणि खोडताही येत नाही. कृष्णाच्या ‘चांगल्या घरच्या मुली’पणाची किंमत गौरीनं मोजली आणि त्याच मापानं तिला खोटं ठरवलं. आईला दोष देऊन गाव मोकळं होतं. (१९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्यातलं कलम ४ खरं तर दलालांसाठी, पण अशा कमाईवर जगणाऱ्या म्हाताऱ्या आईलाही ते लागू शकतं!)

आणि आपण? दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका बाईला बचत गटात यायचं होतं. ती ‘तसल्या’ गल्लीत राहते म्हणून आमच्याच जणी नको म्हणाल्या. गट फुटेल या भीतीनं मी गप्प बसले. त्याच वर्षी गणपतीची वर्गणी मात्र तिच्याकडून घेतली होती. ‘दोघी’ बघताना मला आईपेक्षा ती पावती जास्त आठवत होती.

येत्या बैठकीत तिचा विषय मी पुन्हा मांडणार आहे. तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल तर काय झालं ते कळवा. त्या बाईचं नाव मात्र लिहू नका.