रक्त त्यांचं, कागद ह्यांचे

जनुकशास्त्र म्हटलं की आपली पोरं पान उलटतात. मित्रांनो, उलटू नका. भानगड आपलीच आहे.

१९९६ साली बर्म्युडा बेटावर जगातले बडे जनुकशास्त्रज्ञ जमले. ठरवलं की माणसाच्या जनुकांची जी अक्षरं वाचून होतील ती २४ तासांत जगाला उघडी करायची. पेटंटच्या दुकानदारांना ही चपराक होती, मानलंच पाहिजे. २०१३ पासून तर नोंदी कशा ठेवायच्या, कुणाला कशा द्यायच्या, याचे सामायिक नियम जागतिक आघाडी करून, मसुदे जाहीर करून, सूचना मागवून बनतायत. छान! पण सूचना कुणाच्या? संगणकवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या. ज्याच्या दंडात सुई गेली तो कुठाय?

२०१० साली नामिबियातल्या सान जमातीच्या चार म्हाताऱ्यांच्या जनुकांचा निबंध छापून आला. आख्ख्या जगात गाजला. त्या चौघांची संमती घेतली होती म्हणे. पण जमातीच्या संघटनेला कुणी विचारलं नव्हतं, आणि निबंधासोबतच्या पुरवणीतला मजकूर सान पुढाऱ्यांना अपमानाचा वाटला. एका माणसाचं रक्त वाचलं की त्याच्या भावकीचं, जमातीचंही वाचलं जातं. मग सही एकट्याची कशी पुरेल?

सान रडत बसले नाहीत. २०१७ च्या मार्चमध्ये केपटाऊनला त्यांनी स्वतःची संशोधन-संहिता जाहीर केली. मदतीला युरोपचा पैसा होता, पण शब्द त्यांचे. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी. आणि प्रस्ताव आधी आमच्या परिषदेपुढं आणा. त्यातलं एक कलम मला फार आवडलं: अवघड गोष्ट आम्हाला कळणार नाही असं गृहीत धरू नका, नीट समजावून सांगा. च्यायला, हे तर आपण आपल्या प्राध्यापकांना कधीपासून सांगतोय!

कुणी म्हणेल, मग आकडे झाकूनच ठेवू या. अजिबात नाही. साहेबांनी नाकं मोजून जातीची वंशावळ लावली. घुर्यांनी मोजमापांचे आकडे पुस्तकात छापले. तेच छापील आकडे बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात उलटे तपासले आणि ब्राह्मण-अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ही थाप उडवून लावली. आकडे कुलपात असते तर? म्हणून आकडे उघडे पाहिजेतच. पण नियम ठरतात तिथं आपली खुर्चीही पाहिजे.

आता इथलं बघा. जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० माणसांचे जीनोम वाचले गेले, ८३ जनसमूहांतले. २०२५ च्या जानेवारीत ही माहिती फरिदाबादच्या सरकारी केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची. त्या मंजुरीच्या टेबलाशी ८३ पैकी किती समूहांची माणसं बसवणार? नियमांचा मसुदा मराठीत, गोंडीत, संथाळीत छापा. वस्तीत येऊन वाचून दाखवा. म्हातारीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या. सहीचं त्यानंतर बघू.