दिवाळीपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावू नका

गणपती गेले की सोसायट्यांमध्ये बागेच्या सफाईची घाई सुरू होते. नवरात्र तोंडावर, मागोमाग दिवाळी. ग्रासकटर फिरतो, कुंपणालगतचा तेरडा, आघाडा, टाकळा भुईसपाट होतो आणि 'किडे फार झालेत' म्हणून वर फवारणी. यंदा हे थांबवा, अशी कळकळीची विनंती आहे. बागेचे खरे भरल्या घरासारखे दिवस हेच असतात.

कढीपत्त्यापाशी पाच मिनिटं उभे राहा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसेल. ती लिंबाच्या फुलपाखराची कोवळी अळी. मोठी झाली की हिरवीगार होऊन पानात मिसळून जाते; बोट लागलंच तर डोक्यामागून लालसर दुफाटी शिंग काढून उग्र वास सोडते. त्याच झाडावर शिंपी पक्षी पानं खालून-वरून तपासत असतो, कारण पिल्लांचं पोट अशाच अळ्या-किड्यांवर भरतं. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. तेही अंडी घालतं ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. मान द्यायचा आणि पानांवर विष मारायचं, हे आपल्याला शोभत नाही.

मुनियांची घरटी अजून बांधून व्हायची असतात. गवताचं हातभर पातं चोचीत धरून, ते मागे लोंबत असताना उडणारी मुनिया एकदा पाहाच. ते गवतच कापलं तर तिने काय न्यायचं? आणि पोरांनी बी तरी कुठलं खायचं? संध्याकाळी लॉनवर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर तर संशोधकांच्या मते हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. जाता जाता ते आपल्याकडचे डासही खातात.

डेंग्यूची भीती खोटी नाही. पण त्याचा डास वाढतो कुंड्यांखालच्या बशांत, टायरांत, उघड्या टाक्यांत साचलेल्या पाण्यात. ते पाणी दर आठवड्याला ओता, टाक्या झाका. झुडपांवर औषध मारून ते पाणी जागचं हलत नाही. मरतात ते चतुर, मधमाश्या आणि अळ्या.

घटस्थापनेआधी कमिटीची बैठक होईलच. तिथे एवढाच ठराव मांडा : मागच्या भिंतीलगतची पट्टी दिवाळी होईपर्यंत कापायची नाही, झाडांवर फवारणी करायची नाही. माळीकाकांनाही तसं आजच सांगून ठेवा.